'धोका'चा 'घोका' होतो तेव्हा: ठाण्यातल्या साइनबोर्ड करणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
ठाण्यात फ्लेक्स, विनाइल, ॲक्रिलिक आणि ग्लो साइनचं काम करणारे सर्व मित्र आणि मैत्रिणी,

सप्रेम नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात मी भाच्याला घेऊन आपल्या गावातल्या एका तळ्यावर गेले होते. तो सात वर्षांचा आहे. नुकताच सलग वाचायला लागलाय, त्यामुळे दिसेल ती पाटी मोठ्यानं वाचतो. कठड्याला एक नवी पाटी बांधलेली होती. निळं फ्लेक्स, त्यावर पांढरी, जाडजूड, गोल टोकांची अक्षरं, कोपऱ्यात पाण्याचे थेंब. त्यानं वाचलं, "घोका. पाणी खोल आहे." आणि माझ्याकडे वळून विचारलं, "मावशी, काय घोकायचं?"

पाटीवर 'धोका' लिहिलं होतं.

मी जवळ जाऊन बघितलं. मुलाची काही चूक नव्हती. 'ध'च्या डोक्याशी जी छोटी गाठ असते आणि तिच्या शेजारी शिरोरेषेत जी फट असते, ती फट पूर्ण बुजलेली होती. अक्षराला बाहेरून जाड आउटलाइन दिली होती. आउटलाइन बाहेर वाढली तशी आतही वाढली आणि गाठ शिरोरेषेला जाऊन चिकटली. 'ध' आणि 'घ' यांच्यात फरक असतो तो तेवढ्या फटीचाच. पाटी कोणी लावली, कोणी छापली याची चौकशी मी केली नाही आणि इथेही करत नाही. अशी पाटी कोणाच्याही हातून होते. पण त्या दिवशी मी घरी आले ती हे पत्र डोक्यात घेऊनच.

माझे वडील बोर्ड पेंटर होते. जांभळी नाक्यापासून स्टेशन रोडपर्यंतच्या किती तरी दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या होत्या. शाळेत असताना मी त्यांच्या मागे एनॅमलचा डबा धरून उभी असायची. गेली २५ वर्षं मी नौपाड्यात बसून स्क्रीनवर अक्षरांचं काम करते आहे. म्हणून हे पत्र कुठल्या खात्याला नाही, तुम्हालाच लिहिते. पाटीवरचं अक्षर कसं असावं हे शेवटी तुमच्या कॉम्प्युटरवर ठरतं, गिऱ्हाईक मागे उभं राहून "साहेब, अजून जरा जाड करा ना" म्हणत असताना.

आधी एक सांगते. हे अक्षर मला मनापासून आवडतं. ज्याला आपण धंद्यात 'राउंडेड बोल्ड' म्हणतो ते. सगळीकडे साधारण एकाच जाडीची रेघ, कुठेही टोकदार कोपरा नाही, रेघ संपते तिथे अर्धगोल. बोरूनं लिहिलेल्या अक्षरात रेघ जाड-बारीक होत जाते आणि टोकं तिरकी कापल्यासारखी असतात. आपली पोथ्यांमधली आणि जुन्या छापखान्यांतली देवनागरी त्या वळणाची. तिच्यात एक अदब आहे. राउंडेड बोल्डमध्ये अदब नाही, सलगी आहे. ते अक्षर "या, बसा" म्हणतं. बालवाडी, बेकरी, खेळण्यांचं दुकान, उसाचा रस, लहान मुलांचा दवाखाना, वाचनालयातला बालविभाग, इथे ते जितकं शोभतं तितकं दुसरं कुठलं शोभत नाही.

आपल्या गावाचं नावच घ्या. 'ठाणे' हा शब्द जाड आणि गोल वळणात काढून बघा. 'ठ' म्हणजे शिरोरेषेखाली लोंबणारा गोळा. तो मुळातच गोल, त्यामुळे त्याला या वळणात काही वेगळं करावं लागत नाही. खरी परीक्षा पुढे आहे. 'ठ'नंतर काना, मग 'ण'च्या डाव्या भागातल्या दोन उभ्या रेघा, मग 'ण'चा दंड. सलग चार उभ्या रेघा. त्या चारही जाड केल्या की मधल्या तीन पांढऱ्या पट्ट्या आकसतात. काना आणि 'ण' यांच्यातली पट्टी 'ण'च्या पोटातल्या पट्ट्यांपेक्षा अगदी थोडी कमी-जास्त झाली तरी शब्द एका बाजूला कलल्यासारखा वाटतो. वर 'ण'ची मात्रा, तिचं टोक गोल. ते 'ठ'च्या गोळ्याशी सूर जुळवणारं हवं. हे चार आकार नीट बसले की 'ठाणे' हा शब्द असा काही भरदार दिसतो की नुसता बघत राहावा. मी हा शब्द आजवर कितीदा काढला असेल त्याची मोजदाद नाही. अजूनही पहिल्या फटक्यात बसत नाही.

हे गोल टोक आलं कुठून, हेही थोडं बघण्यासारखं आहे. ते आधी हत्यारांतून आलं, नटवेपणा म्हणून कोणी शोधलेलं नाही. गोल ब्रश टेकवून उचलला की गोल टोक उमटतं. निऑनची काचेची नळी वाकवली की तिचं टोक गोल असतं. राउटरचं, म्हणजे पाट्या कापण्या-कोरण्याच्या यंत्राचं पातं गोल फिरतं, त्यामुळे त्यानं कोरलेल्या खाचेचं टोक गोलच येतं. फोक्सवॅगन कंपनीनं १९७९च्या सुमारास आपल्या विक्रेत्यांच्या पाट्यांसाठी खास गोल टोकांचं अक्षर करून घेतलं, ते 'व्हॅग राउंडेड' नावानं जगभर पसरलं. पुढे अॅपलच्या कीबोर्डच्या बटणांवर ते वर्षानुवर्षं होतं. 'एरियल राउंडेड' तर आपल्यापैकी प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर कधी ना कधी येऊन गेलेलं आहे. जपानमध्ये रेल्वे स्टेशनांच्या जुन्या पाट्यांवर गोल टोकांची जाड अक्षरं होती आणि ती लांबून सुरेख वाचता येत. जपानी लिपीत एका अक्षरात आपल्या 'क्ष'पेक्षाही जास्त रेघांची गर्दी असते. तरी जमलं, कारण ती अक्षरं त्या लिपीसाठी कोणीतरी बसून काढलेली होती. मुद्दा तोच आहे.

आपल्याकडे काय झालं? २०२२ साली राज्यानं दुकानांच्या कायद्यात दुरुस्ती केली. लहान दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली आणि मराठी अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नसावीत असं ठरलं. २०२३च्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं मुंबईच्या दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली आणि आपल्याकडेही एकदम पाट्यांची झुंबड उडाली. या कायद्याचा मला मनापासून आनंद आहे. माझ्या गावात माझी लिपी मोठ्या अक्षरांत दिसावी, यासाठी मी कितीही भांडेन. पण त्या घाईत झालं असं, की गिऱ्हाइकाकडे इंग्रजी लोगो आधीपासून होता, बऱ्याचदा गोल आणि जाड वळणाचा, पैसे देऊन करून घेतलेला. मराठी नाव मात्र संध्याकाळपर्यंत हवं होतं. मग काय करायचं? हाताशी असलेल्या साध्या फॉन्टमध्ये नाव टाइप करायचं, कर्व्ह करायचं, म्हणजे त्याचं चित्र बनवायचं, आउटलाइन आठ पॉइंट, कोपरे गोल, रंग तोच. झालं राउंडेड बोल्ड.

मित्रांनो, ते राउंडेड बोल्ड नव्हे. ते सुजलेलं अक्षर आहे.

फरक कुठे पडतो ते सांगते. जाड अक्षर नीट काढणारा माणूस रेघ जाड करताना आतली पांढरी जागा आधी राखून ठेवतो. 'ब'च्या पोटातली तिरकी रेघ बारीक करतो, नाहीतर तिथे नुसता काळा गोळा होतो आणि 'ब' की 'व' ते अंदाजानं वाचावं लागतं. 'ष'च्या पोटातली रेघ थोडी वर सरकवतो, म्हणजे तो 'प' वाटत नाही. 'भ'च्या डोक्याची गाठ लहान ठेवतो आणि शेजारची फट मुद्दाम रुंद करतो, म्हणजे 'भाऊ'चा 'माऊ' होत नाही. 'द्ध', 'द्व', 'ज्ञ', 'क्ष' अशा ठिकाणी तो सगळंच अक्षर किंचित बारीक करतो. ते बारीक केलंय हे बघणाऱ्याच्या लक्षातही येत नाही, फक्त वाचता येतं. शिरोरेषाही उभ्या रेघेइतकी जाड ठेवत नाही, जरा कमी ठेवतो, नाहीतर सगळा शब्द डोक्यावर ओझं घेतल्यासारखा दिसतो. अनुस्वाराचा टिंब शिरोरेषेपासून पुरेसा वर उचलतो. आउटलाइनला यातलं काहीही कळत नाही. ती सगळीकडे सारखी वाढते. जिथे जागा होती तिथे वाढते आणि नव्हती तिथेही वाढते.

शिरोरेषेचं आणखी एक आहे आणि ते आपल्यासारख्या शिरोरेषा असलेल्या लिप्यांचंच दुखणं आहे. इंग्रजीत प्रत्येक अक्षर सुटं असतं, प्रत्येकाची टोकं गोल केली की काम संपलं. आपल्याकडे शब्दाची शिरोरेषा सलग. गोल टोक हवं ते फक्त शब्दाच्या सुरुवातीला आणि शेवटी. प्रत्येक अक्षराच्या शिरोरेषेची टोकं गोल केली तर सांध्यावर वरखाली बारीक खाचा पडतात, माळेतल्या मण्यांसारख्या. राम मारुती रोडवरून संध्याकाळी चालत जा आणि दिवे लागलेल्या पाट्या बघा. खाचा दिसतील. आणि जिथे अक्षरांमधलं अंतर वाढवून नाव ओढून पसरवलंय, तिथे तर शिरोरेषा चक्क तुटलेली दिसेल. इंग्रजीत ते अंतर वाढवणं चांगलं दिसतं म्हणून मराठीतही तोच आकडा टाकला जातो. कृपा करून हे करू नका. बोर्डाची लांबी भरायची असेल तर कडेला जागा सोडा. मोकळी जागा वाया गेलेली नसते, हे गिऱ्हाइकाला पटवायला त्रास होतो, मला माहीत आहे. मलाही होतो.

तसंच आडवं ताणणं. गोल टोकाचं अक्षर आडवं ताणलं की टोकाचा अर्धगोल अंड्यासारखा होतो आणि उभ्या रेघा आडव्यांपेक्षा जाड होतात. चौकोनी टोकाच्या अक्षरात हे कदाचित लपतं. गोल टोकात लपत नाही, कारण वर्तुळ बिघडलेलं डोळ्याला लगेच कळतं.

वडिलांची एक सवय सांगते. ते आधी खडूची दोरी मारून वर-खाली दोन रेघा आखायचे. गोल टोकांचं अक्षर असेल तर उभ्या रेघेचं टोक खालच्या दोरीच्या बाहेर केसभर न्यायचे. मी लहान असताना विचारलं, "बाबा, रेघेबाहेर गेलं की!" ते म्हणाले, "गोल टोक दोरीवर थांबवलं तर आखूड दिसतं. थोडं पुढे गेलं तर बरोबर दिसतं." पुढे टाइप डिझाइनच्या पुस्तकांत हेच शास्त्र म्हणून वाचलं, तेव्हा मला शिकायला काही उरलं नव्हतं. तुमच्यापैकी जे हातानं रंगवायचे आणि मग कॉम्प्युटरवर आले, त्यांच्या बोटांत हे सगळं अजून आहे. सॉफ्टवेअरवर सोपवून ते विसरू नका, एवढंच.

आता या अक्षराची बाजू घेऊन बोलते, कारण धंद्याच्या दृष्टीनं ते खरोखर सोयीचं आहे. ॲक्रिलिक किंवा एसीपी (ॲल्युमिनियमचा थर असलेला पत्रा) राउटरवर कापताना आतला टोकदार कोपरा निघतच नाही, पात्याच्या गोलाईइतका तो गोल राहतोच. मग बाहेरून टोकदार आणि आतून गोल असं विजोड अक्षर करण्यापेक्षा सगळंच गोल केलेलं बरं. ॲक्रिलिकचा टोकदार कोपरा बसवताना नाहीतर पुसताना उडतो, गोल टोक टिकतं. आणि रेघ एकाच जाडीची असल्यामुळे आत एलईडीची पट्टी सारखी बसते, अक्षराचं टोक काळं पडत नाही. पण इथेही एक सांभाळा. आतून उजेड येणारं पांढरं अक्षर रात्री फुगतं. कडेनं प्रकाश सांडतो आणि पोकळ्या बुजतात. दुपारी कागदावर छान दिसलेलं जाड अक्षर रात्री दिवा लागल्यावर 'घ' की 'ध' कळेनासं होतं. म्हणून ग्लो साइनसाठी तेच अक्षर एक पायरी बारीक घ्या. घोडबंदर रोडला तर हे फार जाणवतं. तिथे पाटी पायी चालणाऱ्यासाठी नसते, चालत्या गाडीतल्या माणसासाठी असते आणि त्याच्याकडे दोन-तीन सेकंद असतात.

चांगलं अक्षर आणायचं कुठून, असं तुम्ही विचाराल. आउटलाइन लावायची वेळ येऊ नये अशी सोय आता आहे. मुंबईच्या 'एक टाइप' या अक्षरकारांच्या गटानं २०१६ साली 'बालू' नावाचं अक्षर प्रसिद्ध केलं. अस्वलासारखं भारदस्त आणि कडांना मऊ. देवनागरीबरोबर गुजराती, गुरुमुखी, बंगाली, ओडिया, तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळम अशा लिप्यांत ते एकाच वळणात आहे. आणि नावं काय ठेवलीत बघा. गुजरातीचं 'बालू भाई', बंगालीचं 'बालू दा', ओडियाचं 'बालू भाइना', तमिळचं 'बालू तंबी', मल्याळमचं 'बालू चेट्टन'. प्रत्येक भाषेतला भाऊ! मला हे फार गोड वाटतं. अक्षराचा स्वभाव नावातच आला. पुढे 'बालू २'मध्ये पाच वेगवेगळ्या जाड्या दिल्या, म्हणजे ग्लो साइनला एक पायरी बारीक घ्यायची तर तीही हाताशी आहे. ते मोफत आहे, व्यवसायात वापरायला मुभा आहे आणि युनिकोडमध्ये आहे. जुन्या फॉन्टांत 'दुसऱ्या', 'तऱ्हा' हे शब्द टाइप करताना अर्धा 'र' जो गोंधळ घालायचा, तोही युनिकोडमध्ये राहत नाही. 'ल' आणि 'श' मात्र तपासून घ्या. दोन पाकळ्यांचा 'ल' हे आपलं मराठी वळण. काही फॉन्टांत मराठी आणि हिंदी दोन्ही वळणं असतात आणि सॉफ्टवेअरमध्ये भाषा मराठी निवडली की आपलं वळण येतं. ते मिळत असेल तर जरूर घ्या. मराठी पाटी करायची तर 'ल'ही मराठीच हवा.

याचा अर्थ आता सगळ्या ठाण्यात एकच 'बालू' लावा असा नाही. तसं झालं तर मलाच वाईट वाटेल. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची नावं काढली ती आठवा. जाहिरातींच्या पानावर नुसत्या अक्षरांवरून कळायचं, हे गंभीर नाटक, हा फार्स, हे संगीत नाटक. गडकरी रंगायतनच्या बाहेर उभं राहून त्या जाहिराती वाचत आमची पिढी मोठी झाली. अक्षराला आवाज असतो, हे आम्हाला कोणी शिकवायला आलं नाही, आम्ही ते डोळ्यांनी ऐकलं. गोल जाड अक्षराचा आवाज मोकळा, खेळकर, थोडा मोठा आहे. श्रद्धांजलीच्या फलकावर तो नको. परवा एका चौकात तसा फलक बघितला. गेलेल्या माणसाचं नाव वाढदिवसाच्या केकवरच्या अक्षरात होतं. त्या घरच्या लोकांना काय वाटलं असेल? सूचनांच्या लांबलचक मजकुराला तो नको. चार ओळींच्या पुढे जाड अक्षर वाचताना डोळा थकतो. नाव जाड ठेवा, खालचा पत्ता आणि मजकूर साध्या वजनात घ्या. वकिलाच्या, नोटरीच्या दाराशी तो नको. आणि धोक्याच्या पाटीवर तर अजिबात नको, फट उघडी ठेवली तरी नको. 'धोका' हा शब्द ताठ उभा राहायला हवा. त्याला कोपरे हवेत. पोरानं तो बघून एक पाऊल मागे सरकायला हवं.

माझी विनंती अवघड नाही. पाटी छापायला टाकण्याआधी नाव एका ए-फोर कागदावर काढा, समोरच्या भिंतीला चिकटवा आणि वीस पावलं मागे जाऊन डोळे किलकिले करून बघा. किलकिल्या डोळ्यांनी ज्या पोकळ्या बुजतील, त्या रस्त्यावरही बुजणार. पाच मिनिटांचं काम आहे. शक्य असेल तर शेजारच्या शाळकरी पोराला वाचायला लावा. मोठी माणसं सवयीनं शब्द ओळखतात, मूल अक्षर न् अक्षर वाचतं. आमच्या भाच्यानं पकडली तशी चूक त्या दिवशी कठड्याजवळून गेलेल्या दुसऱ्या कोणाच्या लक्षातही आली नव्हती.

ती पाटी गेल्या आठवड्यापर्यंत तिथेच होती. मी 'धोका', 'पाणी खोल आहे' आणि 'पाण्यात उतरू नये' ही तीन वाक्यं ठळक, सरळ, कोपरे असलेल्या अक्षरांत काढून ठेवली आहेत. पिवळ्यावर काळी, तीन फुटांच्या पाटीसाठी आणि सहा फुटांच्या पाटीसाठी वेगवेगळी. 'ध'ची फट दोन्हीत चांगली रुंद आहे. तळ्यांच्या कठड्यांचं काम तुमच्यापैकी ज्या कोणाकडे येईल त्यांनी फाइल माझ्याकडून घेऊन जावी. पैसे नकोत, नावही घालू नका. फक्त ताणू नका.

तुमचीच,
नौपाड्यातली एक अक्षरकार